कॉम्प्युटर चालू होईना? सिल्व्हर मॉलला नेण्याआधी घरी एवढं तपासा

इंदूर : पावसाळ्यात लाइट गेली, आली, आणि कॉम्प्युटर चालू होईना. मग रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलची वाट धरायची, हे इंदूरकरांना पाठ आहे. जळगाव, धुळे, बुऱ्हाणपूरहून शिकायला आलेली आणि भंवरकुआं भागात खोली करून राहणारी पोरंही लॅपटॉप घेऊन तिथंच जातात. दुकानात जायला हरकत नाही. पण ‘फॉरमॅट मारावं लागेल’ या वाक्याला लगेच हो म्हणू नका. बिघाड नेमका कुठं आहे हे माहीत असलं, तर पैसे वाचतात आणि मुख्य म्हणजे आतला डेटा वाचतो.

आधी बघा, तो अडतोय कुठं

बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, तर प्रश्न विजेचा आहे. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून वायर थेट भिंतीतल्या प्लगला लावा. डेस्कटॉपच्या मागं एसएमपीएसला वेगळा स्विच असतो, तो झाडलोटीत बंद झालेला अनेकदा सापडतो. लॅपटॉपचा चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. साधा उपाय आहे, पण बऱ्याचदा चालतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच? मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच हवी. बीप-बीप आवाज येत असेल तर संशय बहुतेक वेळा रॅमवर घ्यायचा. वायर काढून, उघड्या लोखंडी कॅबिनेटला हात लावून, रॅमची पट्टी बाहेर काढा. सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, कचरा झटका आणि ‘कट’ आवाज येईपर्यंत परत बसवा. धूळ आणि दमट हवेनं हे संपर्क खराब होतात.

दर वेळी तारीख-वेळ चुकीची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. नंबर सीआर २०३२, तीन व्होल्ट. घड्याळवाल्याकडेही मिळतो.

लोगो येतो आणि पुढं सरकत नाही

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं आलं तर आधी लावलेला पेनड्राइव्ह काढा. तरी तेच, तर बायोसमध्ये जाऊन (कंपनीप्रमाणे एफ२ किंवा डिलीट) डिस्क दिसते का पाहा. तिथं डिस्कच दिसत नसेल तर विंडोज नव्यानं टाकून उपयोग नाही. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिथंच थांबा. ‘अजून एकदा बघू’ म्हणत चालू करत राहिलं की वाचण्यासारखा डेटाही जातो.

डिस्क दिसते, पण विंडोज गोल-गोल फिरतंय? लागोपाठ दोन-तीनदा सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा आणतं. तिथं आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करा, मग शेवटचा अपडेट काढा, मग ‘सिस्टम रिस्टोर’. ‘सेफ मोड’मध्ये चालू झालाच तर बाकी सगळं सोडून आधी फाइली कॉपी करा. ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी टाकलेले प्रोग्रॅम जातात, हे लक्षात असू द्या.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतो? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय हाच होता : सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाइल उडवायची. पण अनेक ठिकाणी काम अडलं ते बिटलॉकरच्या चावीपायी.

ही चावी आजच शोधा

बिटलॉकर म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप. नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की ते बहुधा आपोआप लागतं आणि मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं किंवा मदरबोर्ड बदलला, की ते ४८ आकडी चावी मागतं. ती नसेल तर दुकानदारच काय, कंपनीही डेटा काढून देऊ शकत नाही. लॅपटॉप चालू आहे तोवर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन चावी बघा आणि वहीत लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये साठवून फायदा नाही.

दुकानात देताना

आधी विचारा : ‘दादा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटा घेता येईल का?’ डिस्क धड असेल तर बहुतेक वेळा येतो, बिटलॉकर असेल तर चावी लागते. फॉरमॅट त्यानंतर. दुकानाचे जीएसटीचे हिशेब, टॅलीचा डेटा, प्रबंध, लग्नाचे फोटो बहुतेकांचे एकाच डिस्कवर असतात. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सी ड्राइव्हमध्येच असतात, म्हणून ‘फक्त सी उडवतो’ म्हटलं तरी त्या जातातच. जुनी डिस्क बदलली तर ती मागून घ्या आणि पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या.