बोरघाटाची चढण

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली संपूर्ण खुला झाला, आणि त्यावर दुचाकी वाहनांना मज्जाव असल्यामुळे पुण्याहून मोटारसायकलीने घाट उतरू पाहणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला जुना हमरस्ता आला. हा निर्बंध पुष्कळांना जाचक वाटतो. मला मात्र तो उपकारक वाटतो. कारण डोंगराला भोके पाडून सरळ धावणाऱ्या नव्या मार्गावर या प्रदेशाचा पूर्वेतिहास सहसा दृष्टीस पडत नाही, तर जुन्या रस्त्याला वडगाव, कार्ले, लोणावळा, खंडाळा ही स्थळे अद्याप लगटून आहेत, आणि त्यांतील प्रत्येक स्थळ बोरघाट कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या श्रमांवर चढला याची साक्ष देण्यास तयार आहे.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी रात्री एका जुन्या स्नेह्याचा दूरध्वनी आला. "उद्या उजाडायच्या आत तयार राहा, खोपोलीपर्यंत जाऊन येऊ," एवढेच तो बोलला. बेत, मुक्काम, बरोबर काय घ्यायचे, कशाचीही चर्चा झाली नाही. त्याची बुलेट जुनी, पण उत्तम निगा राखलेली. मी मागे बसलो आणि देहूरोड ओलांडेपर्यंत थंडीमुळे आम्ही एक अक्षरही बोललो नाही.

वडगावला पहिला चहा झाला. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज याच गावी मराठ्यांच्या वेढ्यात सापडली आणि राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्याचा तिचा मनसुबा तेथील तहाने धुळीस मिळाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या फौजेत लढणारी माणसे चार हजारांच्या आसपास असताना तिच्या तोफा, दारूगोळा आणि रसद ओढण्यासाठी सुमारे १९ हजार बैल होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. घाटात चाकाचा रस्ता नव्हता; तोफा अक्षरशः खेचून वर आणाव्या लागल्या, त्यामुळे कूच कासवाच्या गतीने झाली, आणि महादजी शिंदे व नाना फडणवीस यांना मुलूख जाळून शत्रूची रसद तोडण्यास हवी तेवढी सवड मिळाली. कार्ल्यानजीक पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनी त्याच्या शौर्याबद्दल 'इष्टुर फाकडा' म्हणून गौरविले, आणि ते नाव आजही मावळात निघते. बैल हाकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव निघत नाही.

कार्ल्याचा चैत्य पाहिल्यावर ही उणीव अधिकच बोचते. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल याच दिशेने वर येई, आणि त्या व्यापाराच्या समृद्धीतून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही लेणी कोरली गेली. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे येथे कोरून ठेवले आहे. श्रेष्ठींची नावे असावीत यात नवल नाही. परंतु स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत, प्रवेशद्वाराच्या कामी सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताचे नाव आहे, आणि त्याच द्वाराशी एका सुताराचे, त्याच्या बापाच्या नावासह, नाव आहे. माझ्या स्नेह्याने त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सुताराचे नाव कोरायला त्यांना लाज वाटली नाही, मग पुढच्यांना का वाटली?"

शिवकाळाविषयी येथे थोडक्यातच सांगतो, कारण उंबरखिंड ही स्वतंत्र यात्रेचा विषय आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान लोणावळ्याकडून कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी त्याला घाटाखालच्या त्या अरण्यात कोंडले. लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले या टापूत का उभे आहेत, ते या एका प्रसंगावरून कळते: ज्याच्या हाती घाटमाथा, त्याच्या हाती खालच्या बंदरांकडे जाणारी वाट.

चाकाचा रस्ता फार उशिरा आला. १८०४ साली जनरल वेलस्लीने तोफखान्यासाठी घाटाची वाट सुधारून घेतली, पण व्यापारी माल त्यानंतरही पंचवीस वर्षे बैलांच्या पाठीवरूनच चढत-उतरत राहिला. देशावरचा कापूस गोणींत कोंबून तांड्यांनी खाली नेला जाई. वाटेत तो धुळीने माखे, अवकाळी पावसात भिजे. अखेर १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला केला, आणि पाठीवरच्या ओझ्याच्या कितीतरी पट माल एका बैलजोडीला ओढता येऊ लागला. त्याच सालचा म्हणून ओळखला जाणारा, पुढे औषधी मलमाच्या जाहिरातीवरून 'अमृतांजन' नाव पडलेला पूल वाहतुकीस अडथळा होतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. त्या ठिकाणी थोड्या अंतरापुरते जुना आणि नवा मार्ग एक होतात, आणि एवढ्यापुरती मोटारसायकललाही मुभा आहे.

परंतु बोरघाटाचा खरा इतिहास, माझ्या मते, १८५६ ते १८६३ या वर्षांचा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटाच्या चढणीचे काम १८५६ साली आरंभिले. अंतर जेमतेम सोळा मैल, चढ अठराशे फुटांहून अधिक, बोगदे पंचवीस, आणि उतार काही ठिकाणी सदतीसास एक. मक्ता प्रथम फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाकडे होता. मजुरी थकल्याच्या कारणावरून १८५९ च्या आरंभी मजुरांनी दंगा केला, आणि त्यानंतर त्याने मक्ता सोडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी मरण पावला. त्याची विधवा ॲलिस हिने ते प्रचंड काम अंगावर घेऊन तडीस नेले. ही बाई आदरास पात्र आहे यात शंका नाही. मात्र १८६१ साली एकाच वेळी ४२ हजारांहून अधिक मजूर या कड्यांवर राबत होते. दोरांना लोंबकळून ते सुरुंगांसाठी भोके पाडीत, झोपड्यांत दाटीने राहत, आणि पटकीच्या साथी आल्या म्हणजे हजारोंनी मरत.

काम चालू असताना खालून खोपोलीपर्यंत आणि वरून पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली होती. मधला घाट उतारू पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून ओलांडीत आणि पलीकडे पुन्हा आगगाडीत बसत. १८६३ साली लोखंडी रस्ता सांधला गेला आणि पालख्यांचे भोई बेकार झाले. चढ फार बिकट म्हणून मध्ये गाडी थांबवून, एंजिन दुसऱ्या टोकास जोडून तिची दिशा बदलण्याचे स्थानकही होते. १९२९ सालच्या नव्या आखणीने त्याची गरज संपली.

खंडाळा सोडल्यावर स्नेह्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि उतारभर एंजिनच्याच रोधावर ती आवरून धरली. शिंग्रोबाच्या देवळाशी आम्ही थांबलो. हा धनगर. आपली गुरे ज्या वाटेने चढतात ती वाट त्याने साहेबाला दाखवली, बक्षीस माग म्हणताच देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली, असे लोक सांगतात. दप्तरात याला आधार असो वा नसो, आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात एका मालमोटारीच्या चालकाने वेग किंचित कमी करून खिडकीतून हात काढला, देवळाच्या दिशेने नाणे भिरकावले, कपाळाला बोटे टेकवली आणि पुढचे वळण घेतले. या घाटात ज्याला श्रमिकांपैकी म्हणता येईल असा हा एकच पुरुष स्मरणात उरला आहे, आणि तोही सामान्य लोकांनी राखला म्हणून.

खोपोलीस नाना फडणवीसांनी बांधविलेले तळे आणि महादेवाचे मंदिर पाहून आम्ही दुपारी परत फिरलो. चढताना बोलणे झाले ते एकाच विषयावर, आणि तीच विनंती येथे मांडतो. खंडाळ्यात, जेथून घाटाची रेल्वे दिसते अशा जागी, मराठीत एक शिळा उभारावी; तिच्यावर १८५६ ते १८६३ ही वर्षे, ४२ हजारांचा आकडा आणि जुन्या दप्तरांत शोधून सापडतील तेवढ्या मजुरांची व मुकादमांची नावे कोरावीत. इतिहासमंडळांनी शोधाचे काम हाती घ्यावे, आणि दर शनिवारी या रस्त्याने जाणाऱ्या तरुण मोटारसायकलस्वारांनी त्यासाठी वर्गणी द्यावी.