त्राहि त्राहि

‘उकाड्यानें लोकांना त्राहि त्राहि करून सोडलें’ हें वाक्य मराठी माणूस सहज बोलून जातो. या क्रियाविशेषणाच्या पोटीं एक प्रार्थना दडलेली आहे, हें मात्र त्याच्या ध्यानींमनींहि नसतें.

संस्कृतांत ‘त्राहि’ हें क्रियापद. ‘त्रै’ म्हणजे रक्षण करणें. व्याकरणाच्या नियमानें त्याचें आज्ञार्थी रूप ‘त्रायस्व’. परंतु पुराणांनीं व स्तोत्रांनीं ‘त्राहि’ हेंच घरोघर पोंचविलें. ‘त्राहि माम्’, म्हणजे ‘माझें रक्षण कर’. या दोन शब्दांत हांक मारणारा आहे, आणि ज्याला हांक मारावयाची तोहि आहे. ‘त्राता’, ‘परित्राण’ हे याच कुळांतले. ‘त्राण’ शब्दानें तर मराठींत निराळाच संसार थाटला. संस्कृतांत त्याचा अर्थ रक्षण. मराठींत अंगांतलें बळ.

मराठीनें ‘त्राहि’ ठेवलें आणि ‘माम्’ टाकलें. परिणाम असा झाला कीं, संकटांत सांपडलेला माणूस स्वतः हा शब्द उच्चारीत नाहीं. तो ‘धांवा हो’, ‘मेलों, मेलों’ असेंच ओरडतो. ‘लोक त्राहि त्राहि करूं लागले’ हें सांगतो तो पाहणारा. आर्ताची हांक अशा रीतीनें साक्षीदाराच्या तोंडीं गेली.

साक्षीदारावर मग जबाबदारी येते. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनेंत मोठा दुष्काळ होता. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी सुमारें एक रत्तल धान्य व एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. १८७० सालीं स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हां ‘लोक त्राहि त्राहि करीत आहेत’ एवढें म्हणून थांबली नाहीं. तिनें जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, भावांची व मजुरीची माहिती मिळविली आणि सरकारापुढें मांडिली. ‘त्राहि’ या क्रियापदाला त्याचा कर्ता आणि त्याचें कर्म तिनें जणूं परत मिळवून दिलें.

आज डासांनींहि माणूस त्राहि त्राहि होतो. वापरानें शब्द झिजावयाचेच. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. परंतु एखाद्या गांवाविषयीं, एखाद्या वस्तीविषयीं हा शब्द कानीं पडला, तर दोन प्रश्न विचारावे: रक्षण कोणाचें मागितलें आहे, आणि कोणाजवळ?