अलास्काच्या अंतर्भागाचे स्थलदर्शक मानचित्रण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलास्का राज्याच्या उपध्रुवीय पर्वतप्रदेशाचे व नदीखोऱ्यांचे नकाशे तयार करण्याचे कार्य. अमेरिकेने हा प्रदेश १८६७ मध्ये रशियाकडून विकत घेतला, तेव्हा किनारा व युकॉनसारख्या मोठ्या नद्यांचे काही भाग वगळता त्याचा अंतर्भाग नकाशावर बहुतांशी कोराच होता. तेथील मूळ रहिवाशांना मात्र खिंडी व नदीमार्ग पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते. १८८५ मध्ये लेफ्टनंट हेन्री ॲलन यांनी कॉपर, टॅनना व कॉयूकुक या नद्यांच्या खोऱ्यांतून सु. २,४०० किमी. प्रवास करून त्यांचे नकाशे काढले. वाटेत त्यांच्या तुकडीची उपासमार झाली असता आटना जमातीचे प्रमुख निकोलाय यांचे साहाय्य मोलाचे ठरले.

शेजारच्या कॅनडातील क्लाँडाइक भागात १८९६ मध्ये सोने सापडल्यावर नकाशांची निकड वाढली. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८९८ मध्ये अनेक तुकड्या पाठविल्या. त्यांपैकी रॉबर्ट मल्ड्रो यांनी सुसिटना खोऱ्यातून दुरूनच कोन मोजून मकिन्ली (देनाली) शिखराची उंची सु. ६,२३७ मी. ठरविली, २०१५ मधील मापनाने ती ६,१९० मी. निश्चित झाली. १९०२ मध्ये ॲल्फ्रेड ब्रुक्स यांची तुकडी घोड्यांसह कुक आखातापासून या शिखराच्या पायथ्यावरून युकॉन नदीपर्यंत गेली.

अल्पकालीन उन्हाळा, दलदल व डासांचा उपद्रव यांमुळे काम कष्टाचे होते. शिवाय नद्या व खिंडी याच वाटा असल्याने त्यांच्या लगतचा पट्टा नकाशात उतरे. दोन वाटांमधील डोंगराळ भाग अज्ञातच राही. ही उणीव प्रथम जेम्स बॅग्ली यांनी वापरलेल्या विशालदर्शी कॅमेऱ्याने व नंतर हवाई छायाचित्रांनी कमी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर १:६३,३६० प्रमाणावरील नकाशामाला निघाली. तथापि जमिनीवरील नियंत्रणबिंदू विरळ असल्याने तीत काही शिखरे व प्रवाह मूळ जागेपासून सरकलेले राहिले. रस्ते तुरळक असलेल्या या राज्यात वाहतूक मुख्यत्वे लहान विमानांवर अवलंबून असल्याने अशा चुका वैमानिकांच्या जिवावर बेतू शकत. म्हणून २०१० पासून ढगांतूनही भूपृष्ठाची उंची मोजणाऱ्या विमानस्थित रडारच्या साहाय्याने नवे मापन हाती घेण्यात आले व त्याच्या आधारे १:२५,००० प्रमाणावरील नकाशे तयार झाले. हिमनद्यांचा ऱ्हास होत असल्याने व त्यांतून येणाऱ्या गाळामुळे नदीपात्रे बदलत असल्याने येथील नकाशांची वेळोवेळी सुधारणा करावी लागते.