फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर (१९२६) : गृहरचना आणि स्त्रीश्रम – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

युद्धे, तह आणि सत्तांतरे यांच्या इतिहासात स्वयंपाकघराला सहसा स्थान मिळत नाही. वस्तुतः घरातील श्रम कोणी करावयाचे, त्यासाठी किती वेळ द्यावयाचा आणि त्या श्रमांचे मोल काय, या प्रश्नांची त्या त्या काळातील उत्तरे स्वयंपाकघराच्या आराखड्यात उमटलेली असतात. या दृष्टीने जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात १९२६ मध्ये तयार झालेला स्वयंपाकघराचा आराखडा अभ्यसनीय ठरतो. प्रस्तुत लेखात त्यामागील विचार, त्याची रचना आणि मर्यादा यांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शहरांत घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. फ्रँकफर्ट शहराने १९२५ पासून वास्तुविशारद अर्न्स्ट माय यांच्या नेतृत्वाखाली व्यापक गृहनिर्माण कार्यक्रम हाती घेतला. तत्पूर्वी अनेक कामगार कुटुंबांत स्वयंपाक, जेवण, उठणे-बसणे आणि प्रसंगी झोपणेही एकाच खोलीत होत असे. कारण चुलीची ऊब तेथेच मिळे. नव्या घरांत स्वयंपाकाची जागा वेगळी करावयाची होती. मात्र खर्च मर्यादित असल्याने ती लहानच ठेवणे भाग होते.

याच सुमारास गृहकृत्यांचा शास्त्रीय विचार सुरू झाला होता. अमेरिकेत कॅथरिन बीचर यांनी १८६९ मध्येच हाताशी साहित्य असलेल्या आटोपशीर स्वयंपाकघराची कल्पना मांडली होती. फ्रेडरिक टेलर यांनी कारखान्यातील कामाचे वेळ आणि हालचाली यांच्या आधारे विश्लेषण केले. क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तीच पद्धत घरकामाला लावली. जर्मन भाषांतराद्वारे हे विचार मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की (१८९७–२०००) या व्हिएन्नातील तरुण वास्तुविशारद स्त्रीपर्यंत पोहोचले. माय यांच्या निमंत्रणावरून त्या १९२६ मध्ये फ्रँकफर्टला आल्या.

आराखड्याचे स्वरूप :

शुटे-लिहोत्स्की यांच्यापुढे रेल्वेच्या भोजनयानातील स्वयंपाकघराचा आदर्श होता. अगदी अरुंद जागेत तेथे अनेक प्रवाशांचे जेवण तयार होत असे. त्यांनी आखलेल्या प्रचलित नमुन्याची रुंदी सुमारे १.९ मीटर आणि लांबी सुमारे ३.४ मीटर होती. खिडकीलगत कामाचे टेबल, त्यापुढे उंची बदलता येणारे फिरते आसन, भाज्यांची साले व टरफले लोटण्यासाठी टेबलातच बसविलेला खण, भांडी निथळण्याची सोय, भिंतीला दुमडून ठेवता येणारा इस्त्रीचा फळा आणि डाळ-साखरेसारख्या जिनसांसाठी अॅल्युमिनियमचे खण अशी व्यवस्था होती. पिठाचे खण ओक लाकडाचे होते, कारण त्यातील टॅनिनमुळे कीड लागत नाही असे मानले जाई. सरकते दार उघडले की शेजारच्या खोलीतील मुलांवर लक्ष ठेवता येई. असे सुमारे १०,००० संच नव्या वसाहतींत बसविण्यात आले. सारे सामान घराबरोबरच मिळत असल्याने भाडेकरूला ते वेगळे विकत घ्यावे लागत नसे.

मूल्यमापन :

आराखडा करण्यापूर्वी आपण कधी घर चालविले नव्हते, असे शुटे-लिहोत्स्की यांनी पुढे स्वतः सांगितले. त्यांची भूमिका मुळात सामाजिक होती. स्त्रिया घराबाहेर अर्थार्जन करणार, तेव्हा घरकामातील वेळ वाचला पाहिजे, असे त्यांचे मत होते. परंतु व्यवहारात या रचनेच्या मर्यादाही दिसून आल्या. दोन व्यक्तींना एकत्र काम करण्याइतकी जागा तेथे नव्हती. प्रत्येक जिनसाचा खण ठरलेला असल्याने कुटुंबाच्या सवयींना वाव कमी राहिला. जुन्या खोलीत कुटुंबाच्या घोळक्यात होणारा स्वयंपाक आता दाराआड गेला. १९७० च्या दशकानंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी नेमक्या याच मुद्द्यावर टीका केली : पावले वाचली, पण ती टाकणारी व्यक्ती एकच राहिली आणि ती एकाकी झाली.

ही टीका रास्त असली तरी तिचा सर्व भार आराखड्यावर टाकणे योग्य नव्हे. घरकाम ही केवळ स्त्रीची जबाबदारी आहे, हे गृहीतक त्या समाजात आधीपासूनच रूढ होते. आराखड्याने श्रम कमी केले. श्रमविभागणी मात्र तशीच ठेवली.

समारोप :

फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराने श्रमिक कुटुंबातील स्त्रीचे कष्ट हा सार्वजनिक नियोजनाचा विषय ठरविला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय. सलग ओटा, त्याखालील कपाटे आणि ठरावीक मापांची मांडणी या आज परिचित असलेल्या रचनेच्या जडणघडणीत त्याचा मोठा वाटा आहे. नव्या घराचा आराखडा करताना ओट्याची उंची, शेगडी आणि मोरी यांतील अंतर आवर्जून मोजले जाते. मात्र त्या ओट्याशी किती जण उभे राहू शकतील आणि ते कोण असतील, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे, याची जाणीव हा इतिहास करून देतो.