नियंत्रण फलकावरील प्रमाणपत्राचा इशारा

संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्याचा कारभार पाहण्यासाठी सी-पॅनेल, प्लेस्क, डायरेक्टॲडमिन यांसारख्या आज्ञावली वापरल्या जातात. त्यांना नियंत्रण फलक किंवा व्यवहारात कंट्रोल पॅनेल म्हणतात. या फलकाचे प्रवेशपान उघडताना ब्राउझर कधी कधी ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे बजावतो आणि पुढे जाऊ देत नाही. हा इशारा एसएसएल प्रमाणपत्राशी निगडित असतो. एसएसएल हे नाव रूढ असले तरी तो संकेत १९९९ मध्ये आलेल्या टीएलएसने मागे टाकला. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये अधिकृतरीत्या त्याज्य ठरली.

प्रमाणपत्राचे कार्य

प्रमाणपत्र दोन गोष्टी साधते. दोन संगणकांमधील मजकूर गुप्त राखण्यास ते साहाय्य करते आणि समोरचा सर्व्हर त्याच नावाचा आहे याची ग्वाही देते. पहिली गोष्ट स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्रानेही साधते. दुसरी साधत नाही. पुष्कळ लोक हा भेद विसरतात व इशारा ओलांडून परवलीचा शब्द टंकतात. मध्ये कोणी तोतया बसला असेल तर तो शब्द थेट त्याच्या हाती पडतो. नियंत्रण फलकाचा परवलीचा शब्द म्हणजे संकेतस्थळ, त्याचा विदासंच आणि संस्थेचे ई-पत्रव्यवहार या साऱ्यांची किल्ली होय.

कारणे व उपाय

इशाऱ्याच्या पानावरील ‘प्रगत’ ही कळ दाबल्यास कारणाचा संकेत दिसतो, आणि निदान तेथूनच सुरू करावे. ‘कॉमन नेम इन्व्हॅलिड’ म्हणजे नाव जुळत नाही, ‘डेट इन्व्हॅलिड’ म्हणजे मुदतीचा प्रश्न आणि ‘ऑथॉरिटी इन्व्हॅलिड’ म्हणजे प्रमाणपत्र देणारा ब्राउझरच्या विश्वासू यादीत नाही.

नाव न जुळणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. सी-पॅनेलचा सुरक्षित प्रवेश २०८३ क्रमांकाच्या पोर्टवर, सर्व्हर-व्यवस्थापकाचा २०८७ वर व प्लेस्कचा ८४४३ वर असतो. तेथील प्रमाणपत्र बहुधा सर्व्हरच्या स्वतःच्या नावाने दिलेले असते. वापरकर्ता मात्र आयपी पत्ता किंवा आपल्या संस्थेचे डोमेन टंकतो. अशा वेळी होस्टिंग सेवेने कळवलेले सर्व्हरचे पूर्ण नाव वापरले की इशारा नाहीसा होतो. सी-पॅनेलच्या नव्या आवृत्त्यांत डोमेनचे स्वतःचे प्रमाणपत्र २०८३ वरही वापरले जाऊ शकते, पण त्यासाठी ते आधी मिळालेले असले पाहिजे. सामायिक सर्व्हरवरील ग्राहकाला फलकाचे प्रमाणपत्र बदलण्याचा अधिकार नसतो. त्याने सेवा देणाऱ्याकडेच मागणी करावी.

सर्व्हर स्वतःचा असल्यास प्रथम त्याला पूर्ण यजमान-नाव द्यावे आणि ते नाव डीएनएसमध्ये योग्य पत्त्याकडे वळते की नाही हे पाहावे. त्यानंतर सी-पॅनेलमध्ये ‘मॅनेज सर्व्हिस एसएसएल सर्टिफिकेट्स’ या पानावरून, किंवा प्लेस्कमध्ये ‘टूल्स अँड सेटिंग्ज’मधून, फलकासाठी प्रमाणपत्र नेमता येते. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था डिसेंबर २०१५ पासून जनतेला विनामूल्य प्रमाणपत्रे देत आली आहे, त्यामुळे खर्चाची सबब आता उरलेली नाही. नव्याने उभारलेल्या फलकावर सुरुवातीला स्वयं-स्वाक्षरित प्रमाणपत्र असणे स्वाभाविक आहे. पहिल्या प्रवेशावेळी त्याचा ठसा सर्व्हरच्या कन्सोलवर दिसणाऱ्या ठशाशी ताडून पाहावा व मगच पुढे जावे.

मुदत संपण्यामागे बहुधा नूतनीकरणातील अडथळा असतो. पडताळणी पोर्ट ८० वरून होत असेल आणि अग्निभिंतीने ते बंद केले असेल, तर नूतनीकरण निमूटपणे फसते. कधी प्रमाणपत्र नवे येते, पण सेवा पुन्हा सुरू न केल्यामुळे जुनेच दाखवले जाते. लेट्स एनक्रिप्टने मुदतीची आठवण देणारी ई-पत्रे जून २०२५ मध्ये बंद केली, म्हणून देखरेखीची तजवीज आता स्वतःच करावी लागते.

दोष वापरकर्त्याच्या संगणकातही असू शकतो. शाळांच्या प्रयोगशाळांतील जुन्या संगणकांची मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असते. घड्याळ मागे पडते आणि मग जवळजवळ प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ‘अवैध’ ठरते. प्रमाणपत्रांच्या साखळीतील मधला दुवा सर्व्हरने न पाठवल्यास एका ब्राउझरमध्ये पान उघडते व दुसऱ्यात अडते, हेही गोंधळात टाकणारे आहे.

एचएसटीएस लागू असलेल्या नावावर ‘तरीही पुढे जा’ ही वाटच मिळत नाही. हा नियम पोर्ट पाहत नाही, त्यामुळे मुख्य संकेतस्थळाने तो स्वीकारल्यास त्याच नावाच्या फलकालाही तो लागू होतो.

भारतातील संदर्भ

विश्वासू यादीतील संस्थेकडूनही चूक होऊ शकते याचा दाखला २०१४ मध्ये मिळाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे २ जुलै रोजी गूगलच्या लक्षात आले. त्या यंत्रणेला भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांची मान्यता होती आणि नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. नियंत्रकांनी ३ जुलै रोजी केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. त्यांच्या म्हणण्यानुसार चुकीची प्रमाणपत्रे चार होती, तीन गूगलच्या व एक याहूच्या नावाचे. गूगलला मात्र त्यापलीकडचीही आढळली होती. पुढे क्रोमने या मूळ प्रमाणपत्रावरील विश्वास सरकारी व काही मोजक्या डोमेनांपुरता सीमित केला. फायरफॉक्सच्या यादीत ते नसल्यामुळे त्या ब्राउझरला झळ पोहोचली नाही.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था ‘ई-हस्ताक्षर’ ही सेवा चालवते. निविदा व विवरणपत्रांसाठी वापरली जाणारी स्वाक्षरीची प्रमाणपत्रे व्यक्तीची ओळख पटवतात. ती सर्व्हरवर बसवून इशारा जात नाही. हा गैरसमज कार्यालयांतून वरचेवर आढळतो.

देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले. अशा नावाचे प्रमाणपत्र मागताना फलकात नावाचे पुनीकोड हे रोमन रूप दिसते व प्रमाणपत्रातही तेच नोंदले जाते. ते पाहून नाव चुकल्याचा समज होऊ नये.

मुदतीतील घट

सप्टेंबर २०२० पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ब्राउझरनिर्माते व प्रमाणन संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी कमी होत जाते. हाताने प्रमाणपत्र बसवण्याची पद्धत त्यानंतर व्यवहार्य राहणार नाही.