गुडघ्याआधी पाण्याच्या दोन नळ्या

‘एमआरआय काढून आणा,’ हे आता गुडघेदुखीच्या पेशंटला सवयीचं झालंय. पण हे तंत्र गुडघ्यासाठी जन्मलेलंच नाही. १८९५ पासून क्ष-किरण हाताशी होते. त्यांत हाड दिसतं, सांध्यातली गादी (मेनिस्कस) आणि लिगामेंट दिसत नाहीत. मग सांध्यात हवा किंवा औषध भरून एक्स-रे काढायचा, नाहीतर भोक पाडून आत डोकवायचं. टोकियोत केंजी ताकागींनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय तपासायची दुर्बीण घातली, ती या दुसऱ्या वाटेवरच्या पहिल्या पावलांपैकी एक.

एमआरआयचं कूळ भौतिकशास्त्रातलं. १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की चुंबकीय क्षेत्रातली अणुकेंद्रकं ठरावीक रेडिओलहरींना साद देतात. पुढची पंचवीसेक वर्षं हा शोध मुख्यतः रसायनशास्त्रज्ञांच्या नळ्यांतच रमला. साद यायची, पण कुठल्या जागेवरून ते कळायचं नाही. सप्टेंबर १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉटेलात हॅम्बर्गर खाता खाता पॉल लॉटरबर यांना तोड सुचली: क्षेत्र मुद्दाम कमीजास्त ठेवायचं, म्हणजे जागा बदलली की सादेची कंप्रताही बदलेल. १९७३ साली छापून आलेलं त्यांचं चित्र होतं साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. ‘नेचर’ने तो लेख आधी साभार परत केला होता! पीटर मॅन्सफिल्ड यांनी या पद्धतीला गणित आणि वेग दिला. २००३चं नोबेल या दोघांना मिळालं. या शोधाच्या श्रेयावर हक्क सांगणारे, पण डावलले गेलेले रेमंड डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला.

ऐंशीच्या दशकात गुडघ्याजवळ बसून साद टिपणारी कॉइल आली आणि चित्रं स्पष्ट झाली. यंत्र पाण्याची साद टिपणारं, पण गादी त्यात काळ्या त्रिकोणासारखी दिसते. तिच्यातलं पाणी तंतूंत इतकं जखडलेलं असतं की साद लगेच विरते. त्या काळ्या त्रिकोणात पांढरी रेघ उमटून पृष्ठभागापर्यंत पोचली, की गादी फाटल्याचं निदान होतं.

आणि अशा रेघा खूप सापडतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे गुडघे एमआरआयने तपासले गेले. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिन्यात दुखलाही नव्हता, आखडलाही नव्हता. तेव्हा पन्नाशीनंतर रिपोर्टात ‘टिअर’ (गादी फाटल्याचा शेरा) दिसला म्हणून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आधी डॉक्टरांना गुडघा हाताने नीट तपासायला सांगा.