ढेकीचे दोन खांब

गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात ते तिथल्या गिरण्यांमुळे. गिरण्या येण्याआधी मात्र या भागात धान सडायचं काम ढेकी करायची.

ढेकी म्हणजे एक लांब, जड लाकूड. मागच्या टोकाजवळ आडवा आस आणि तो दोन खांबांच्या खाचांत टेकवलेला. मागे पाय दाबला की पुढचं मुसळ वर जाई. पाय उचलला की जमिनीत पुरलेल्या उखळात दणका. एवढ्या धुडाला हालचाल एकच: वरखाली.

बाकीच्या हालचाली कुठे गेल्या? मोकळ्या वस्तूला सहा वाटा असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. बिजागरी त्यांतल्या पाच अडवते. जर्मन अभियंता फ्रान्झ रूलो यांनी 1875 च्या ग्रंथात यंत्राकडे अशा जोडांची साखळी म्हणून पाहिलं. पुढच्या अभियंत्यांनी उरलेल्या हालचाली मोजायची सूत्रं बसवली: सहातून अडसर वजा. पण ढेकीला हे सूत्र लावा. दोन खांब म्हणजे दोन बिजागऱ्या, दहा अडसर. सहातून दहा गेले, उरले उणे चार. हिशेबानं ढेकी हलायलाच नको!

ती हलायची, कारण आस वरून उघड्या खाचेत नुसता टेकलेला असे. खांब केसभर तिरपा असला तरी ती सैल जागा चूक पोटात घेई.

मग रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी अरुंद रेल्वे गोंदियाला मुख्य मार्गाशी जोडली गेली आणि गाव जंक्शन झालं. मग गिरण्या आल्या. त्यांत आधी हलर नावाची सडायची यंत्रं होती. 1958 च्या तांदूळगिरणी नियमन कायद्यानंतर जुनी यंत्रं बदलण्यावर भर आला आणि रबरी रोलरांचे शेलर, म्हणजे टरफल सोलणारी यंत्रं, वाढले. यात दोन रोलर उलट दिशांना, वेगवेगळ्या गतीनं फिरतात; गतीतल्या फरकानं टरफल सोललं जातं. एक रोलर जागेवर पक्का, दुसरा फट कमीजास्त करण्यासाठी सरकता. वेगवान रोलर लवकर झिजतो, म्हणून दोघांची अदलाबदल करावी लागते.

असं यंत्र आज आधी संगणकावर जुळवतात. रेषांवर अटी घालायची कल्पना आयव्हन सदरलँड यांच्या 1963 च्या ‘स्केचपॅड’मध्येच होती. आताच्या संगणकावरच्या जुळणीत (असेंब्लीत) भागांवरच्या तशा अटींना मेट म्हणतात आणि ढेकीचं जुनं गणित तिथे नव्यानं आडवं येतं. आस दोन्ही खांबांना घट्ट मेट केला आणि मापं तंतोतंत जुळली, तर खपून जातं. मिलिमीटरचा दशांश चुकला की पडदा लाल! लाकडाची सैल जागा संगणकाकडे नसते. शिवाय लाल दिसतो तो मेट बहुधा शेवटी घातलेला असतो. दोष आधीच्या एखाद्यात असू शकतो. म्हणून सगळे मेट तात्पुरते बंद करावेत, भाग हातानं ओढून पाहावा आणि एकेक मेट परत आणावा.

ढेकीचं उत्तर साधं आहे. एका खांबात आसाचा एक बिंदू रोवावा: तीन अडसर. दुसऱ्यात आसाला लांबीच्या दिशेनं सरकू द्यावं: दोन अडसर. सहातून पाच गेले, उरली वरखाली. गिरणीतल्या लांब शाफ्टचंही तेच: एक बेअरिंग पक्की बसवतात, दुसरी सरकती ठेवतात, म्हणजे शाफ्ट तापून वाढला तरी अडकत नाही.